नाव नसलेल्या बाटल्या : कोकणातल्या घरातली रसायने कमी कशी करावीत?

पडवीतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि आमच्या गुहागरकडच्या घरात दरवर्षीप्रमाणे साफसफाई काढली आहे. दोन महिन्यांच्या पावसाने चिऱ्याच्या पायऱ्या, खळे आणि न्हाणीची फरशी हिरवीगार होऊन पाय ठेवला की सटकावे अशी झाली होती. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आईने, विहिरीत टाकण्यासाठी आणलेल्या ब्लीचिंग पावडरीतली उरलेली पावडर न्हाणीत पसरून ठेवली. सकाळपर्यंत शेवाळ सुटले, पण फरशीवर पांढरे पट्टे राहिले. ते घालवायला तिने मोरीच्या फळीवरची बाटली घेतली, तिच्यातले अ‍ॅसिड फरशीवर ओतले आणि घासणी घेऊन उकिडवी बसली. मी मागच्या पडवीत नारळ सोलत होतो. आधी एक ठसका ऐकू आला, तो नेहमीचाच वाटला. मग ठसका थांबेना. धावत गेलो तर दारातच डोळे चुरचुरायला लागले आणि श्वास घशात अडकला. आईला काखेत धरून बाहेर आणले, खळ्यात वाऱ्याला बसवले आणि शेजाऱ्यांची रिक्षा काढून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथे तिला ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरने औषध दिले आणि रात्रभर ठेवून घेतले. आता ती बरी आहे, फक्त बोलताना मध्येच आवाज बसतो.

घरी आल्यावर मी मोरीची फळी, जिन्याखालचा कोनाडा, माळा आणि आता रिकामा असलेला गोठा या चारही ठिकाणच्या बाटल्या, डबे आणि पुड्या खळ्यात ओळीने मांडल्या. एकूण 23 जिनसा निघाल्या आणि त्यांपैकी 9 जिनसांवर त्या कशाच्या आहेत हे लिहिलेलेच नव्हते. अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत, काळे फिनाईल सरबताच्या बाटलीत, वाळवीचे औषध खोबरेल तेलाच्या डब्यात, आणि हिरव्या झाकणाच्या एका बरणीत पांढरी पूड, जी आईच्या मते धुण्याचा सोडा आहे आणि वडिलांच्या मते उंदरांचे औषध. लोटे परशुरामच्या आणि महाडच्या रासायनिक वसाहतींबद्दल आम्ही देवळाच्या पारावर तावातावाने बोलतो, परंतु स्वतःच्या मोरीच्या फळीवर काय आहे हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

माझा प्रश्न असा आहे की या 23 जिनसांपैकी घरात खरोखर काय लागते, काय मुळीच नको, आणि जे लागते ते कसे ठेवावे. "सगळे नैसर्गिक वापरा" एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त_गुरुजी

आपल्या आईंना आराम पडत आहे हे वाचून बरे वाटले. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले, आणि ही अभिक्रिया फळ्यावर लिहून दाखवताना ती मुलांच्या घरच्या मोरीत घडू शकते हे पुरेसे ठासून सांगितले नाही, याची खंत मला आज वाटते.

ब्लीचिंग पावडरीत कॅल्शियम हायपोक्लोराइट असते, फरशीचे अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो झरोक्यातून वर निघून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. आपल्याकडच्या जुन्या न्हाण्या घरापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली असतात, झरोका छताजवळ असतो आणि घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचे नाक नेमके त्या थरात असते. रात्रभर पडलेली पावडर वाळली म्हणजे तिचा जोर संपला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती फरशीच्या सांध्यांमध्ये शिल्लक असते. आपण पाहिलेले पांढरे पट्टेही बहुतांशी तिच्यातल्या चुन्याचेच असणार.

संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांमध्येही हेच आम्ल असते, त्यामुळे ज्या दिवशी ब्लीच वापरले त्या दिवशी संडासात दुसरे काहीही ओतू नये. व्हिनेगर, लिंबू आणि आपले आमसुलाचे पाणी ही आम्ले सौम्य असली तरी ब्लीचशी त्यांचे वागणे त्याच जातीचे आहे. गोठ्याबद्दलही एक सूचना करतो. जनावरांच्या मुताचा जो उग्र वास नाकात जातो तो अमोनियाचा असतो, आणि त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही फुप्फुसांना तितकेच घातक असतात. गोठा आधी भरपूर पाण्याने धुवावा. पावडर टाकायचीच असेल तर ती नंतर.

सुट्या अ‍ॅसिडबद्दल सांगायचे तर, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच त्याच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली आहेत. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, कारण लिहून घ्यावे आणि 18 वर्षांखालील कोणालाही ते देऊ नये, असे निर्देश आहेत. तरीही आठवडी बाजारात ते पाण्याच्या बाटलीत भरून मिळते, आणि घेणारे आपणच असतो. घरात त्याचे कामही काही नाही. ते सिमेंटचे सांधे खाते, त्या सांध्यांत पाणी मुरते आणि पुढच्या पावसात शेवाळ आणखी दाट येते. ताठ काड्यांचा खराटा, भरपूर पाणी आणि दर आठ दिवसांनी घासण्याची सवय एवढ्याने पायऱ्या पाय ठेवण्याजोग्या राहतात. कष्ट जास्त आहेत, हे मान्य आहे.

माजघरातली

गुरुजींचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लगेच मोरीवरच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर नेऊन ठेवल्या.

आमच्या घरी (राजापूर तालुका) गेल्या चार वर्षांत बऱ्याच गोष्टी हळूहळू कमी झाल्या. त्या मी ठरवून कमी केल्या नाहीत, संपल्या आणि पुन्हा आणल्या नाहीत इतकेच. लादी पुसायला रोज फिनाईल लागते हा माझा समज होता. आता पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकते आणि घरात कोणाला उलटी-जुलाब झाले तरच जंतुनाशक काढते. तांब्या-पितळेला आमसूल किंवा चिंच आणि मीठ, भांड्यांना नारळाचा काथ्या, लोकरी कपड्यांना रिठ्याचे पाणी. सुगंधी फवारे बंद केल्यावर नवऱ्याच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या. हा योगायोगही असू शकेल, म्हणून मी त्यावर जोर देत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. परसातल्या चुलीवर अंघोळीचे पाणी तापते, पावसात लाकडे ओली असतात, आणि ती पेटवायला दुधाच्या पिशवीचा तुकडा किंवा तुटक्या चपलेचा पट्टा घालण्याची रीत आमच्या वाडीत घरोघरी आहे. पेटते पटकन, हे खरे. पण तो काळा धूर न्हाणीच्या झरोक्यातून आत येतो आणि मुले तिथेच अंघोळीला बसलेली असतात. यावर काय करावे?

निवृत्त_गुरुजी

@माजघरातली, चपला, वायरींची आवरणे आणि पाण्याचे नळ यांत पीव्हीसी (क्लोरीन असलेले एक प्लास्टिक) असू शकते. ते जाळल्यावर हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडते आणि अर्धवट जळताना डायॉक्सिन वर्गातली अतिशय चिवट विषे तयार होतात. ती राखेतही राहतात, आणि आपल्याकडे चुलीची राख अळवाच्या नि केळीच्या बुडात जाते. दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसते, पण तिचा अर्धवट जळालेला धूर फुप्फुसाला काही चांगला नव्हे. मे महिन्यात नारळाच्या सुक्या पिडक्या, करवंट्या आणि सोडणे माळ्यावर भरून ठेवणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे. एक करवंटी पेटली की ओले लाकूड धरते.

खारे_वारे

सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. एवढे भिऊन जगायचे म्हटले तर घरात वावरणेच कठीण होईल. आमच्याकडे डेंग्यू आहे, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आहे, दोडामार्ग भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आहेत. डास, उंदीर आणि गोचीड यांच्यापुढे आमसुलाचे पाणी चालत नाही. औषधे फवारली म्हणूनच आपण जगलो, हेही कोणीतरी म्हटले पाहिजे. विहिरीत पावडर टाकायला विरोध करणारे एक गृहस्थ आमच्या गावात आहेत, आणि त्यांच्याच घरी यंदा दोघांना कावीळ झाली.

आरोग्य_केंद्रातून

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, आणि @खारे_वारे यांचे म्हणणे मला निम्म्याहून अधिक पटते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण लिटरला 0.2 मिलिग्रॅम शिल्लक राहील इतकी पावडर टाकणे हा धोका नव्हे, ते संरक्षण आहे. तीच पावडर न्हाणीत अ‍ॅसिडला भेटली की धोका होतो. लेप्टोच्या दिवसांत उंदरांचा बंदोबस्तही करावाच लागतो. तेव्हा वापरायचे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा काय वापरायचे, कुठे ठेवायचे आणि कोणाच्या हाताशी ठेवायचे यावर बोलू.

माझ्या नोकरीत घरातल्या विषबाधेचे जे रुग्ण आले त्यांत लहान मुले पुष्कळ होती, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती वस्तू मूळ बाटलीत नव्हती. रॉकेल, फिनाईल, थिनर हे पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरलेले. एक मुलगा मला अजून आठवतो. अडीच वर्षांचा, खेळून तहानलेला, ओटीवरच्या बाटलीतले रॉकेल त्याने एक घोट प्यायले. आजीने घाबरून बोटे घालून उलटी करवली. रॉकेल पोटात असताना जेवढे नुकसान करते त्यापेक्षा कितीतरी अधिक ते उलटीवाटे श्वासनलिकेत गेल्यावर करते. त्या मुलाला न्यूमोनिया झाला. वाचला, पण दहा दिवस जिल्हा रुग्णालयात होता. म्हणून कृपया लक्षात ठेवा : रॉकेल, थिनर, अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा यांपैकी काहीही पोटात गेले तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यात गेले असेल तर डोळा उघडा धरून तितकाच वेळ धुवा. आणि निघताना ती बाटली किंवा पुडी सोबत घ्या, कारण औषध कशावर द्यायचे हे तीच सांगते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे आणि रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच.

@पडवीतला, क्लोरीन हुंगलेल्या माणसाला बरे वाटले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकते, म्हणूनच आईंना रात्रभर ठेवून घेतले असणार. दम लागला, छाती भरून आली तर पुन्हा दाखवा.

आता उंदरांच्या औषधाविषयी. दुकानात मिळणाऱ्या सगळ्या औषधांचे विष एकसारखे नसते. रक्त न गोठू देणाऱ्या वड्यांवर (ब्रोमाडिओलोन वगैरे) व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमावर उतारा नाही; दोन दिवस माणूस बरा दिसतो आणि मग यकृत निकामी होते. भाकरीच्या तुकड्याला ते लावून ठेवण्याची पद्धत आजच बंद करावी आणि पिंजरे वापरावेत. तसेच भाताच्या कणगीत "धान्याच्या गोळ्या" म्हणून काही जण अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ही गोळी हवेतल्या दमटपणाने फॉस्फिन वायू सोडते. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम. आपल्या कोकणातल्या दमट हवेत, झोपायच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत ती ठेवणे म्हणजे काय, हे मी अधिक सांगत नाही. ही गोळी सामान्य माणसाला विकण्यास परवानगीच नाही. भात चांगले वाळवून, निर्गुडीचा पाला घालून ठेवावे. थोडे टोके पडले तर पाखडून घ्यावे.

चाकरमानी_डोंबिवली

आमचे वेंगुर्ल्याचे घर वर्षातले दहा महिने बंद असते. चवथीला दार उघडले की आधी बुरशीचा वास आणि त्यामागून डांबरगोळ्यांचा. आई ट्रंकेत, गादीत, अगदी देवघराच्या खणातही मुठीने गोळ्या टाकून जाते. पहिल्या रात्री आम्ही त्याच गाद्यांवर झोपतो, दारे-खिडक्या पावसासाठी बंद, आणि वर डासांची कॉइल. सकाळी डोके जड असते ते आजवर प्रवासाच्या माथी मारत होतो. यंदा सोबत बहीण आणि तिचे दीड महिन्याचे बाळ येणार आहे, म्हणून विचारतो.

आरोग्य_केंद्रातून

@चाकरमानी_डोंबिवली, बाळ येणार असेल तर हे जरूर करा. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन, काही वेळा पॅराडायक्लोरोबेंझीन. दोन्ही हळूहळू हवेत मिसळतात आणि कपड्यांत मुरतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते, ती बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या वासातल्या दुपट्यात गुंडाळले तरी तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. आपल्याकडे तर नव्या बाळाला नेमकी आजीच्या ट्रंकेतली जुनी, मऊ सुती दुपटी काढण्याची रीत आहे. ती सगळी दुपटी दोनदा धुऊन आणि कडक उन्हात टाकून मगच वापरावीत. ऊन नसेल तर मुंबईहून दुसरी आणावीत, हे उत्तम.

घर उघडल्यावर पहिल्या दिवशी पाऊस असला तरी समोरासमोरची दारे दोन तास उघडी ठेवा आणि गाद्या पडवीत काढा. बुरशी ब्लीचने घालवण्याआधी छपरातली गळती आणि भिंतीची ओल बंद करा, नाहीतर पंधरा दिवसांत ती परत येते.

कॉइलबद्दल : 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात. बंद खोलीत बाळाशेजारी ती लावायची नाही. मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी. तेवढ्याने भागत नसेल तर द्रवाचे यंत्र संध्याकाळी, खोलीत कोणी नसताना तासभर लावून, झोपण्याआधी बंद करा.

माजघरातली

गोळ्यांऐवजी कापूर ठेवला तर चालेल ना? तो तरी नैसर्गिक आहे.

आरोग्य_केंद्रातून

मोठ्यांच्या कपाटात, झाकणाच्या डबीत चालेल. रांगत्या मुलाच्या हाताशी मुळीच नको. कापराची एखादी वडी पोटात गेली तरी लहान मुलाला अर्ध्या तासात झटके येऊ शकतात, आणि ती खडीसाखरेसारखी दिसते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे आपल्या लोकांनी तरी मानू नये. ओल्या काजूच्या बिया सोलताना टरफलातल्या तेलाने ज्याच्या हाताची साले निघाली आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. देवळातला शेंदूरही पारंपरिकच आहे, आणि अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग असते. मुलाने मूर्तीला हात लावला तर हात धुवून मगच प्रसाद द्यावा.

रंगशाळा_पेण

शिशाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमची गणपतीची शाळा आहे, शाडूच्या मूर्ती करतो, आणि या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, तरीही हे सांगायला हवे.

चवथीच्या आधी घरोघरी दारे-खिडक्या रंगवतात. जुन्या घरांच्या दारांवर तीस-चाळीस वर्षांचे ऑइल पेंटचे थर असतात, हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली तांबडा. त्या रंगांत शिसे भरपूर असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले, म्हणजे त्याआधीच्या डब्यांची हमी कोणी देत नाही. नवा रंग देण्यापूर्वी गडी कोरड्या पॉलिश पेपरने दार खरवडतात, पांढुरकी भुकटी ओटीवर पसरते आणि त्याच ओटीवर रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. शिशाची सुरक्षित मात्रा अशी नसतेच, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा होतो. जुना रंग खरवडायचाच असेल तर पाणी मारून, ओला असतानाच खरवडावा, खाली जुने कापड अंथरावे आणि ते कापड झटकू नये, गुंडाळून ठेवावे. पापुद्रे निघत नसतील तर त्याला हात न लावता वरूनच नवा हात द्यावा. ब्लो-लॅम्प तर नकोच, कारण तापल्यावर शिशाची वाफ होते.

टर्पेंटाइन आणि थिनरचे काम पडवीत करावे. मखराला फवाऱ्याचा सोनेरी रंग मारायचा असेल तर तो आदल्या आठवड्यात मारावा. आरतीच्या दिवशी माजघरात मारलेला रंग, त्यात उदबत्त्या, समया आणि पन्नास माणसे, हा देखावा मी दरवर्षी पाहतो.

कलमबागवाला

@पडवीतला, खोबरेलच्या डब्यातल्या वाळवीच्या औषधाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. ते बहुधा क्लोरपायरीफॉस असेल. पाण्यात टाकले की दुधासारखे पांढरे होणारे आणि रॉकेलसारख्या वासाचे. अमेरिकेत लहान मुलांच्या काळजीपोटी घरांमधला त्याचा बहुतेक वापर 2000 सालापासून बंद करण्यात आला. आपल्याकडे अजून ते घराच्या पायात ओततात. आपला जांभा सच्छिद्र आहे, विहीर घरापासून पंधरा-वीस पावलांवर असते आणि पाऊस किती पडतो ते सांगायला नको. पायात ओतलेले औषध त्याच पाण्याबरोबर कुठे जाईल, हे जमिनीच्या उताराकडे बघून आपणच ठरवावे. आमच्या घरी आम्ही वाळवीच्या मातीच्या नळ्या दर पंधरा दिवसांनी मोडतो, लाकडाचा मातीशी संबंध तोडला आहे आणि खांबांखाली चिरे घातले आहेत. तरी एक वासा गेला. तो बदलला.

बागेच्या औषधांबाबत आमचा नियम एकच आहे : ती घराचा उंबरा ओलांडत नाहीत. मोहोर फुटल्यापासून तुडतुडे आणि भुरीसाठी आम्हाला फवारण्या कराव्या लागतात, ते टळत नाही. पण डबे, पंप, मोजमापाचा पेला आणि फवारणीचे कपडे हे सगळे मांगरात (बागेतल्या खोपीत) कुलपात असते. कपडे तिथेच, वेगळ्या बादलीत धुतो, विहिरीच्या कट्ट्यावर नाही. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. अक्षर न येणाऱ्या गड्यालाही हा रंग वाचता येतो. डबा बदलला की हा त्रिकोणही जातो, आणि मग आपल्यासारखा शिकलेला माणूसही अडाणीच ठरतो.

शिवाय ते निळे पिंप. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेल्या की आमच्या पट्ट्यात औद्योगिक वसाहतींतून भंगारात आलेली दोनशे लिटरची पिंपे पाण्यासाठी विकली जातात. स्वस्त असतात. साबणाने धुतली, उन्हात ठेवली, वास गेला म्हणजे स्वच्छ झाली असे समजतात. त्या प्लास्टिकमध्ये तेलकट आणि द्रावक रसायने मुरतात आणि पाणी भरून ठेवले की थोडी थोडी बाहेर येत राहतात. आधी त्यात काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. झाडांना पाणी घालायलाही मी ते घेत नाही.

खारे_वारे

पिंपाचे वाचून उठलो आणि परसात जाऊन आलो. आमच्याकडे दोन आहेत. एकावर खरवडलेल्या लेबलाचा कोपरा अजून आहे, त्यावर कवटीच्या चिन्हाचा खालचा अर्धा भाग दिसतो. सहा वर्षे आम्ही त्यातले पाणी भांड्यांना वापरत आहोत. माझा वरचा प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण पिंपे आज काढतो.

पडवीतला (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मी कामाला लागलो आहे आणि जे झाले ते सांगतो.

23 पैकी घरात 8 जिनसा ठेवल्या : भांड्यांचा आणि कपड्यांचा साबण, संडासाचा एकच द्रव, एक जंतुनाशक, विहिरीची पावडर, द्रवाचे डासयंत्र, खाण्याचा सोडा आणि रॉकेल. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, पत्र्याच्या कपाटात, संडासाच्या द्रवापासून घराच्या दुसऱ्या टोकाला गेली. रॉकेल मूळ लोखंडी डब्यात परत ओतले आणि डब्यावर तेलरंगाने मोठ्या अक्षरांत नाव घातले, कारण कागदी चिठ्ठी आपल्या पावसाळ्यात दोन महिने टिकत नाही. आगळ आणि लोणचे प्लास्टिकच्या जुन्या डब्यांतून चिनी मातीच्या बरण्यांत गेले. आंबट, खारट आणि तेलकट पदार्थ तसेही त्या डब्यांत ठेवू नयेत, हे आईनेच सुचवले.

अडचण उरलेल्या वस्तूंची आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकांची भांडी, ट्यूबलाइट, जुनी औषधे यांना घातक घरगुती कचरा म्हटले होते आणि तो वेगळा द्यावा असे लिहिले होते. आमच्या ग्रामपंचायतीत विचारले, तर तो घ्यायला कोणी येत नाही आणि कुठे नेऊन द्यावा हेही कोणी सांगू शकले नाही. ओढ्यात ओतायचा नाही, जाळायचा नाही, पुरला तर विहिरीचे भय. मग काय करावे?

निवृत्त_गुरुजी

काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या मूळ भांड्यांत, झाकणे घट्ट लावून, सगळ्या वस्तू वाळू भरलेल्या एका पिंपात उभ्या ठेवाव्यात आणि ते पिंप घरापासून दूर, छपराखाली, कुलपात असावे. अ‍ॅसिड मात्र त्यांच्यात नको, ते वेगळे. जवळच्या नगरपरिषदेकडे लेखी चौकशी करावी. चार गावांनी मिळून केली तर उत्तर लवकर येते. पांढऱ्या पुडीचा वास घेऊन किंवा चव पाहून निर्णय करू नका.

पडवीतला (धागाकर्ता)

पत्र लिहिले आहे, आमच्यासह तीन ग्रामपंचायतींच्या सह्या घेतो आहे. हिरव्या झाकणाच्या बरणीवर वडिलांनी स्वतःच्या हाताने "ओळख नाही, विष समजावे" असे लिहून ती वाळूत ठेवली. आई अजून म्हणते की तो सोडाच आहे. न्हाणी काल मी खराट्याने घासली. हिरवे गेले, पांढरे पट्टे तसेच आहेत.